हिशेबाची नक्कल आणि संगणकाचा विषाणू

आमच्या बाजारात संगणक नसलेली कापडाची पेढी आज शोधून सापडणे कठीण. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि तोपर्यंत लाल बांधणीच्या वहीवर निभावून नेणाऱ्यांनाही संगणक घ्यावाच लागला. वही बदलली, परंतु ती सांभाळायची नवी रीत आम्ही शिकलो नाही. संगणकाला विषाणू लागू नये म्हणून काय तजवीज केली, असे कोणाही व्यापाऱ्याला विचारा. "अँटिव्हायरस टाकला आहे" एवढेच उत्तर मिळते आणि तेवढ्यावर माणूस निर्धास्त असतो. आम्हीही असेच निर्धास्त होतो. त्याची किंमत २०१९ साली मोजावी लागली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. शाळेत संगणक पाहिला नाही. हिशेब शिकलो तो वडिलांच्या उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या वहीवर. तेव्हा विषाणू म्हणजे नेमके काय, हे जसे आम्हाला समजले तसेच सांगतो. संगणक आजारी पडत नाही. तो हुकमाचा ताबेदार आहे. प्रोग्राम म्हणजे हुकमांची यादी. व्हायरस हीसुद्धा हुकमांचीच यादी असते, फक्त ती मालकाने दिलेली नसते. ती दुसऱ्या प्रोग्राममध्ये शिरते आणि तो प्रोग्राम चालू केला की स्वतःच्या आणखी प्रती काढते. काही जाती तारेवरून आपोआप एका यंत्रातून दुसऱ्यात जातात, काही चांगल्या मालाचे रूप घेऊन येतात आणि आम्ही स्वतःच त्यांना दार उघडतो. अलीकडची सर्वांत वाईट जात म्हणजे खंडणीखोर व्हायरस. तो फायली पुसत नाही, कुलूपबंद करतो आणि किल्लीचे पैसे मागतो.

पीसीवर जगभर पसरलेला पहिला व्हायरस १९८६ साली लाहोरच्या एका दुकानातून निघाला. बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांचे ते दुकान. त्यांचे म्हणणे असे की, त्यांनी तयार केलेल्या सॉफ्टवेअरच्या लोक फुकट नकला करत होते, त्यांना चाप लावण्यासाठी हा प्रोग्राम लिहिला. 'ब्रेन' त्याचे नाव. गंमत अशी की, त्यात त्यांनी दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर तो परदेशात पोहोचला आणि लाहोरच्या त्या फोनवर दूरदूरच्या लोकांचे फोन येऊ लागले. त्यांनी केले ते बरोबर असे आम्ही म्हणत नाही. परंतु चोरीची नक्कल आणि व्हायरस यांची सोबत तेव्हापासूनची आहे, हे ध्यानात घ्यावे.

आमच्या घरी तेच झाले. संगणक बसवून देणाऱ्याने विंडोज फुकट टाकून दिली होती. फुकट म्हणजे नकली, हे आम्हाला माहीत होते. माहीत नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. २०१९ च्या नोव्हेंबरात भाच्याने साडीच्या नक्षीचे एक महागडे सॉफ्टवेअर कुठून तरी 'क्रॅक' करून उतरवले. ते बसवण्याच्या सूचनेत पहिलीच ओळ होती की, आधी अँटिव्हायरस बंद करा. मुलाने बंद केला. पैसे देऊन ठेवलेला चौकीदार आम्हीच सुट्टीवर पाठवला आणि दार उघडे टाकले. तो शुक्रवार होता, साचे बंद, पेढीवर कोणी नाही. शनिवारी मुनीमजींनी संगणक सुरू केला तेव्हा टॅलीचा सारा डेटा, बिले, भरण्याच्या पावत्यांचे फोटो, सगळ्या फायलींच्या नावांना भलतेच शेपूट लागलेले आणि एकही उघडेना. जागोजागी एक चिठ्ठी पडलेली : ९८० डॉलर द्या, ७२ तासांच्या आत संपर्क साधाल तर ४९०. आपल्या पैशात सत्तर हजारांच्या आसपास, नाही तर त्याच्या निम्मे. 'स्टॉप' किंवा 'डेजावू' म्हणून ओळखली जाणारी ही जात, आणि अशा 'क्रॅक' सॉफ्टवेअरमधून पसरणे हाच तिचा मुख्य धंदा, हे मागाहून कळले.

आमच्याकडे डेटाची नक्कल नव्हती असे नाही. पेन ड्राइव्हवर ती रोज घेतली जात होती. परंतु तो पेन ड्राइव्ह कित्येक महिने त्याच संगणकाला टोचलेला असे. कोण रोज काढणार आणि लावणार? व्हायरसने संगणकाबरोबर त्यालाही कुलूप घातले. तिजोरीची दुसरी किल्ली आम्ही तिजोरीतच ठेवली होती.

हिशेबनिसाकडे मार्चपर्यंतचा डेटा होता. पुढचे आठ महिने आम्ही चलने, बँकेचे खातेउतारे आणि जीएसटी पोर्टलवरची विवरणपत्रे यांवरून पुन्हा उभे केले. तीन आठवडे गेले. पेढीचा हिशेब जुळला. जुळला नाही तो विणकरांचा. आम्ही सूत देतो, ते कापड विणून आणतात, मजुरी मीटरवर आणि शिल्लक सुताचे वजन खात्यावर. हे वजन ना बँकेत दिसते ना पोर्टलवर. बहुतेकांकडे छोटी डायरी होती, तिच्यावर भागले. एका वयस्कर विणकराची डायरी पावसात भिजून गेलेली. त्यांनी जो आकडा सांगितला तो आम्ही लिहून घेतला. तो खरा होता की नव्हता, कमी होता की जास्त, हे आज ना त्यांना सांगता येईल ना आम्हाला. आमचे नुकसान झाले असते तर आमच्या हलगर्जीपणाची शिक्षा म्हणता आली असती. पण संगणकात दुसऱ्याची अमानतही असते आणि ती गेली तर भरपाई किती करायची, हेही कळत नाही.

येथे मोठ्या कंपनीची एक हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस पसरला. सुरुवात युक्रेनमध्ये, तिथल्या व्यापाऱ्यांच्या वापरातल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. त्यात डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही अडले. कोणाला कोणत्या संगणकावर प्रवेश आहे, याची मर्स्कची मूळ नोंद जगभरातल्या सुमारे १५० यंत्रांवर होती. प्रत्येक यंत्र दुसऱ्याची नक्कल, म्हणून वेगळी नक्कल ठेवण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. सारी यंत्रे एकमेकांना जोडलेली, त्यामुळे ती एकदमच गेली. वाचले एकच, आफ्रिकेतील घाना देशातले. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! त्या एका यंत्रावरची नोंद हातोहात लंडनला पोहोचवली गेली आणि तिच्यावरून कंपनी पुन्हा उभी राहिली. तरीही कंपनीचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. भारनियमनाला आम्ही मालेगावकर जन्मभर बोल लावत आलो आहोत. कोणाचे भले झाल्याचे हे एवढे एकच उदाहरण आमच्या ऐकण्यात आहे.

यावर कोणी म्हणेल, अपडेटमधूनच विष येत असेल तर अपडेट घ्यावेतच कशाला? असे क्वचित घडते. उलट बाजू पाहा. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' आला आणि दीडशेच्या वर देशांत लाखो संगणक अडकले, इंग्लंडची सरकारी रुग्णालयेसुद्धा. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिली होती. अडकले ते मुख्यतः ती न लावणारे. नकली विंडोजवाला तर अपडेट मुद्दाम बंद करून ठेवतो, चोरी पकडली जाईल या धास्तीने. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. पेढीवर अजून तेच असेल तर संगणक जाणणाऱ्या माणसाला आजच बोलवावे. अस्सल विंडोजबरोबर 'डिफेंडर' हा अँटिव्हायरस विनामूल्य येतो. छोट्या पेढीला तो पुरेसा आहे, असे आमचे मत; विकत घ्यायचा तर खुशाल घ्यावा. मात्र अँटिव्हायरस म्हणजे जुन्या जकात नाक्यावरचा कारकून समजा. ज्यांचे वर्णन त्याच्याकडे आले आहे ते चोर तो बहुधा अडवील. नवा चेहरा सहीसलामत आत जाऊ शकतो.

म्हणून आमचा सारा भर नकलेवर आहे, आणि तीही बाजूला ठेवलेल्या नकलेवर. दोन पोर्टेबल डिस्क घ्याव्यात. आज एक, उद्या दुसरी. संध्याकाळी जोडायची, टॅलीचा बॅकअप घ्यायचा, लगेच काढायची. एक डिस्क नेहमी घरी, पेढीवर नाही. गाळ्यांना आगी लागतात, तेव्हाही ती कामी येते. महिन्यातून एकदा ती नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, कारण न उघडणारी नक्कल असून नसल्यासारखीच. इंटरनेटवर आपोआप जाणारी नक्कल चांगली, परंतु एकटी पुरत नाही : कुलूपबंद झालेली फाईलही तितक्याच तत्परतेने वर जाते आणि जुनी प्रत काही दिवसच परत मागता येते. कायदाही काही थोडा नाही. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात.

बाकी दोन-तीन गोष्टी. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह हिशेबाच्या संगणकाला लावू नये. पेन ड्राइव्हवरचे फोल्डर गायब होऊन फक्त शॉर्टकट दिसू लागले तर घाबरून फॉरमॅट मारू नये. बहुधा माल आतच लपलेला असतो. ई-मेलने आलेल्या बिलाच्या नावात पीडीएफ असून शेवटी ईएक्सई असेल तर ते बिल नव्हे, प्रोग्राम आहे. विंडोज हे शेपूट मुळात लपवून ठेवते, ते दिसेल अशी व्यवस्था करून घ्यावी.

ज्या कारागीर बांधवांकडे संगणक नाही त्यांनी हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. व्हॉट्सॲपवर निकाहची दावत किंवा गाडीचा दंड म्हणून 'एपीके' फाईल येते. दावतनामा चित्र असतो किंवा पीडीएफ, एपीके कधीच नसतो. तो प्रोग्राम आहे. बसवला की बँकेचे संदेश आणि ओटीपी चोराच्या हाती जाऊ शकतात. पैसे गेल्यास तासाभराच्या आत १९३० वर फोन करावा. उशीर झाला की पैसा दहा खात्यांतून फिरून निघून जातो.

आणि खंडणीची चिठ्ठी आलीच तर आधी इंटरनेटची तार काढावी, वायफाय बंद करावे. पैसे देऊ नयेत. नॉटपेट्यात तर पैसे भरूनही किल्ली मिळण्याची सोयच नव्हती. आणि कुलूपबंद फायली पुसू नयेत. युरोपच्या पोलिसांनी २०१६ पासून 'नो मोअर रॅन्सम' नावाची वेबसाईट चालवली आहे, तिथे अनेक जातींच्या किल्ल्या मोफत मिळतात. आमच्या जातीच्या जुन्या प्रकारांवर २०१९ च्या ऑक्टोबरातच उतारा निघाला होता, आमच्यावर आलेला प्रकार त्यानंतरचा. ती डिस्क आम्ही कपाटात जपून ठेवली आहे. वर्षातून एकदा भाचा ती काढून किल्ली आली का पाहतो. त्या विणकराचे खाते अजून तिच्यातच आहे.