पाटावर मावणारी आगगाडी

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दोन दत्तक्षेत्रांची स्थानके लागतात आणि दोहोंच्या नावांना 'रोड' हे शेपूट जोडलेले आहे : अक्कलकोट रोड आणि गाणगापूर रोड. रेल्वेच्या भाषेत ह्याचा अर्थ सरळ आहे. गाव येथे नाही; गावाची वाट मात्र येथून फुटते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ १८६० मध्ये सोलापूरला पोहोचले आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडून आलेल्या रुळांना मिळाले. साहेबाला मद्रास गाठायचे होते, संगमस्नान करायचे नव्हते. त्यामुळे भीमा-अमरजेचा संगम आणि निर्गुण मठ सुमारे वीस किलोमीटर बाजूला राहिले. बडोदे, इंदूर, हैदराबाद येथून दर्शनास येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या आठवणीत म्हणूनच मठाच्या आधी हे स्थानक येते : पिवळी पाटी, सामानाचे ढीग आणि पुढच्या वाहनाची वाट पाहणे.

हे स्थानक, त्याभोवतीचे रान आणि त्यातून धावणारी गाडी घरातल्या एका फळीवर उभी करता येईल काय? येते, आणि त्यासाठी दिवाणखाना रिकामा करावा लागत नाही.

लघुरूप आगगाड्यांचा छंद आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी ह्यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोक पाहत आले आहेत. (ते ज्या रस्त्यावर आहे त्याला जी. ए. कुलकर्णींचे नाव आहे. बेळगाव-धारवाडच्या वाचकांना हा योगायोग आवडावा.) ह्या छंदात सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण १:८७ हे आहे. म्हणजे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीवा भाग. सत्त्याऐंशी हा आकडा लहान वाटत नाही. पण हिशेब करून पाहावा. बावीस डब्यांची आजची एक्सप्रेस इंजिनासह सुमारे साडेपाचशे मीटर लांब असते. १:८७ ने ती सहा मीटरांहून लांब होते. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ती एका खोलीत सुरू होऊन दुसरीत संपेल!

म्हणून छंदिकांनी प्रमाण आणखी उतरवले. १:१६० मध्ये रुळांमधील अंतर नऊ मिलिमीटर असते. जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीने १९७२ मध्ये १:२२० ची गाडी आणली. तिचे रूळ साडेसहा मिलिमीटरांचे. पुढे जपानी कारागिरांनी १:४५० पर्यंत मजल मारली, तेथे रूळ तीन मिलिमीटरांचे आणि माणूस ज्वारीच्या दाण्याएवढा. माझ्या मते ही शेवटची पायरी कौतुकाची असली तरी हौसेची नव्हे. चिमटा आणि भिंग ह्यांतच दिवस जातो. १:२२० हे प्रमाण मात्र मोठे समजूतदार आहे. बावीस डब्यांची तीच गाडी येथे अडीच मीटरांत बसते. माणूस बासमतीच्या दाण्याएवढा. रुळांचे सर्वांत आवळ वळण साडेचौदा सेंटिमीटर त्रिज्येचे, म्हणजे चार डब्यांच्या गाडीचा संपूर्ण फेरा जेवायच्या रुंद पाटावर मावतो.

ह्या लहानपणाचे खरे सुख निराळेच आहे. मोठ्या प्रमाणात इंजिन सजते. त्याचे दांडे, चाके, पितळी नळ्या. लहान प्रमाणात इंजिन पेन्सिलीच्या तुकड्याएवढे होते आणि सगळी नजर भोवतालच्या मुलखावर जाते. गाडी लहान झाली की आभाळ मोठे होते. आणि आपल्या ह्या मुलखात आहे तरी काय? क्षितिजापर्यंत सपाट काळे रान, तूर, ज्वारी, मधेच एखादा कडुनिंब. हे विस्तीर्णपण १:८७ मध्ये कोठेही बसणार नाही, १:२२० मध्ये बसते.

तरीही सारे बसत नाही. स्थानक ते मठ हे अंतर ह्या प्रमाणात नव्वद मीटर भरते, म्हणजे आमच्या शाळेच्या पटांगणाबाहेर! तेव्हा निवड करावी लागते. स्थानक पुढे, त्यामागे हातभर रान, गावाकडचा रस्ता तुरीच्या शेतात शिरून दिसेनासा झालेला, आणि संगम व औदुंबर मागच्या पडद्यावर रंगवलेले. बघणारा उरलेले अंतर स्वतःच चालून जातो.

साहित्य घरचेच पुरते. काळी माती तव्यावर भाजून, मलमलीतून गाळून घ्यावी; पण आधी तिच्यातून लोहचुंबक फिरवावे. आपली माती काळ्या दगडातून झालेली, तिच्यात लोखंडाचे बारीक कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटारीत जाऊन बसतात. ज्वारीची ताटे अकरा मिलिमीटर उंचीची हवीत. काथ्या हिरवा रंगवून कापला की झाले. कलबुर्गीचा उन्हाळा मात्र खरा शत्रू. वीज रुळांतून चाकांत जाते आणि एवढ्याशा इंजिनाला वजन नसल्यामुळे धुळीचा कणही त्याला अडवतो. रूळ स्पिरिटच्या फडक्याने वरचेवर पुसावे.

खर्चाबद्दल खोटे बोलू नये. इंजिन आणि रूळ परदेशी, म्हणून महाग. शिवाय ते युरोपच्या रुळांच्या मापाचे. आपल्या १६७६ मिलिमीटरांच्या ब्रॉडगेजला १:२२० ने साडेसात मिलिमीटर हवेत, मिळतात साडेसहा. डोळ्यांना हे खुपत नाही. उलट त्याच साडेसहाच्या रुळांवर १:१६० चे डबे ठेवले की जवळजवळ हुबेहूब मीटरगेज तयार होते. होटगीला गाडी बदलून विजापूर-गदगकडे गेलेल्यांना ती लहान गाडी आठवत असेल. तो मार्ग आता ब्रॉडगेज झाला. आमच्या मार्गावरही वाफ गेली, दुसरा रूळ पडला, विजेच्या तारा आल्या. सोय झाली, ह्यात शंका नाही. पण हात वर-खाली करणारा सिग्नल, पाणी पाजणारी सोंड, कंदील टांगायचा खांब ह्यांची मापे कोणी घेऊन ठेवली?

ती अजूनही काढता येतात. घरातल्या जुन्या पेटीत यात्रेचे एखादे छायाचित्र असतेच : फलाटावर सारे कुटुंब, बाजूला कंदिलाचा खांब, मागे कचेरीचे दार. त्यात आजोबा ताठ उभे असतील आणि त्यांची उंची पाच फूट पाच इंच होती हे घरात कोणाला तरी ठाऊक असेल, तर तीच मोजपट्टी. खांब आजोबांच्या किती पट, दार किती पट, हे छायाचित्रावर पट्टी ठेवून काढावे. आमची सातवीची मुले हे त्रैराशिक सहज करतात. मग प्रत्येक आकड्याला दोनशे वीसने भागावे. आजोबा साडेसात मिलिमीटर भरतील. त्यांना खांबाच्या डाव्या बाजूला, छायाचित्रात होते तेथेच, उभे करावे.