धुराड्यांतील वायु व आपला कायदा

जालन्याचें नांव निघालें म्हणजे बाहेरच्या लोकांस दोन वस्तू आठवतात : पोलादी सळया आणि मोसंबी. भंगार वितळविणाऱ्या भट्ट्यांस वीज लागते. मोसंबीच्या बागेस वेळेवर पाऊस लागतो. महाराष्ट्रांतील बहुतेक वीज अद्याप कोळसा जाळूनच होते, आणि त्यांतून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायु पृथ्वीची उष्णता कोंडून धरतो व पावसाचें मान बिघडवितो. शिवाय विजेलाही पाणी हवेंच. मराठवाड्यांतीलच परळीचें औष्णिक केंद्र २०१५ सालीं पाण्यावांचून बंद ठेवावें लागलें. तेव्हां हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

या वायूस कायद्याची मर्यादा आहे काय? केंद्र सरकारनें डिसेंबर २०१५ मध्यें वीजकेंद्रांकरितां नवीं मानकें ठरविलीं. त्यांत धूलिकण, गंधकाचा वायु, नत्राचे वायु व पारा यांस मर्यादा घातली. कार्बन डाय-ऑक्साइडला घातली नाहीं. ज्यांस घातली त्यांचें तरी काय झालें? दोन वर्षांची मुदत पुनःपुन्हां वाढविण्यांत आली, आणि जुलै २०२५ मध्यें बहुतांश केंद्रांस गंधकाच्या मर्यादेंतून सूटच मिळाली.

कोणी म्हणतील कीं, १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याची व्याख्या व्यापक आहे. तींत हा वायुही बसेल. आम्हांस हा भरंवसा पुरेसा वाटत नाहीं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं असाच अर्थ मान्य केला होता. परंतु वीजउत्पादन कोळशाकडून इतर साधनांकडे वळविण्याजोगा मोठा अधिकार विधिमंडळानें स्पष्ट शब्दांनीं दिल्यावांचून सरकारी खात्यास वापरतां येत नाहीं, असें त्याच न्यायालयानें २०२२ सालीं ठरविलें. मधलीं पंधरा वर्षें वादांत गेलीं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं माळढोक पक्ष्याच्या खटल्यांत हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला, आणि या विषयावर एकही सर्वसमावेशक कायदा नाहीं, हेंही नमूद केलें. २०२२ च्या ऊर्जासंवर्धन दुरुस्तीनें कार्बनच्या हिशेबाचा व व्यापाराचा मार्ग उघडला खरा. पण त्याच्या आरंभीच्या यादींतील नऊ उद्योगांत पोलाद आहे, औष्णिक वीज मात्र नाहीं. भट्टीनें हिशेब द्यावा व तिला वीज पुरविणाऱ्यानें देऊं नये, हा न्याय नव्हे.

गरिबाच्या घरचा दिवा महाग होऊं नये, आणि श्रीमंत राष्ट्रांनीं आपल्याआधीं पुष्कळ कोळसा जाळला आहे, हे दोन्ही आक्षेप आम्हांस मान्य आहेत. म्हणून मर्यादा हळूहळू उतरती असावी. परंतु दर युनिट विजेमागें किती वायु चालेल, हा आंकडा संसदेनेंच वर्षवार कायद्यांत लिहावा. आणि मुदत वाढवावयाची तर ती खात्याच्या एका अधिसूचनेनें न वाढतां, संसदेंत उघड मतदानानें वाढावी.

सन २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणूं, असें वचन भारतानें २०२१ सालीं ग्लासगो येथें दिलें आहे. आज दहावींत असलेला विद्यार्थी तेव्हां साठीच्या घरांत असेल. त्यास हें वचन पाळलेलें पाहावयाचें असेल, तर त्याच्या पालकांनीं मत मागावयास येणाऱ्या उमेदवारास हा प्रश्न आजच विचारला पाहिजे.