संरक्षण ही खैरात नव्हे

सण जवळ आला की राज्यातल्या इतर गावांप्रमाणे आमच्या पनवेललाही शांतता समितीची बैठक बसते. मोहल्ल्यातली चार वडीलधारी माणसे टोपी नीट करून पुढच्या खुर्च्यांवर बसतात. अधिकारी येतात, चहा येतो. मग आमच्यातला कुणीतरी उठतो आणि हात जोडून म्हणतो, "साहेब, आमच्याकडे लक्ष असू द्या." साहेब मान डोलावतात. कौमचे मोठे काम केले अशा समाधानात आम्ही घरी परततो.

आमचा आक्षेप आहे तो या हात जोडण्याला. त्या खुर्च्यांवर आम्हीही बसलो आहोत, तेव्हा स्वतःला वगळून हे लिहीत नाही.

जकातीचा मसला आमच्या घरातले पोरही जाणते. देणारा उपकार करत नाही, त्याच्यावर ती फर्ज असते. घेणाऱ्याचा तो हक्क असतो. मग नागरिकाच्या जिवाचे रक्षण ही हुकूमतीची फर्ज असताना आम्ही ती खैरात समजून का मागतो?

मागून काय मिळाले, हेही पाहू. मे १९७० मध्ये भिवंडी, जळगाव आणि आमच्याच जिल्ह्यातले महाड पेटले. न्यायमूर्ती मादन आयोग बसला, अहवाल आला, कपाटात गेला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळाली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा ९०० दिला. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. ३१ पोलिसांवर नावानिशी ठपका ठेवला. युती सरकारने १९९६ साली आयोगच गुंडाळला होता, तो पुन्हा नेमावा लागला. १९९८ साली अहवाल आला तेव्हा त्यातले गैरसोयीचे निष्कर्ष नाकारले. त्यांच्याकडून आम्ही दुसरे काही अपेक्षिले नव्हते. पण १९९९ पासून सलग पंधरा वर्षे ज्यांचे राज्य होते, त्यांनी तर अहवाल अमलात आणण्याचे वचन देऊन आमची मते घेतली होती. त्या पंधरा वर्षांत आमचे पुढारी काय करत होते? इफ्तारच्या दावतींना जात होते.

हात न जोडता न्यायालयाची पायरी चढणारेही काही निघाले. २००१ साली दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल दिला. कायदा व सुव्यवस्था राखण्यात आणि लोकांच्या हक्कांचे रक्षण करण्यात राज्य सरकार अपयशी ठरले, जातीय तणावात जगावे लागणे हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्कावरच आघात आहे आणि म्हणून भरपाई मागणे हा पीडितांचा हक्क आहे, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. बेपत्ता नोंदलेल्या १६८ माणसांपैकी फक्त ६० जणांच्या कुटुंबांना तोवर पैसे मिळाले होते. उरलेल्यांचे वारस सापडत नाहीत, हे सरकारचे उत्तर! न्यायालयाने वारस शोधायला समिती नेमली आणि २ लाख रुपये २२ जानेवारी १९९९ पासूनच्या ९ टक्के व्याजासह द्यायला सांगितले. जवळजवळ तीस वर्षे लागली, हे खरे. पण व्याज हक्काच्या पैशावर लागते, दानावर नाही.

कुणी म्हणेल, हे मुसलमानांचे नेहमीचे रडगाणे. त्याने आमच्याच महापालिकेच्या हद्दीतल्या खारघरला यावे. १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सरकारी सोहळा तिथल्या मैदानावर भरदुपारपर्यंत चालला. मंत्र्यांच्या डोक्यावर छप्पर होते, लाखो श्रीसदस्य उन्हात होते. उष्माघाताने १४ जण गेले. तिथे दंगल नव्हती, शत्रू नव्हता, आलेले लोक तर सरकारचेच पाहुणे होते. तरी पुढे तेच झाले : ५ लाखांची मदत जाहीर आणि एकसदस्यीय समिती. "मदत" हा शब्द तेवढा लक्षात ठेवावा. ज्याच्या व्यवस्थेत माणूस मेला, तो मदत करतो की देणे देतो?

त्या श्रीसदस्यांच्या घरच्यांचे आणि मुंबईतल्या बेपत्तांच्या घरच्यांचे गाऱ्हाणे एकच आहे. ते आम्हाला अजून एकत्र मांडता येत नाही, यात आमचाही दोष आहे. आमच्या सभांत आम्ही फक्त आमचे मुडदे मोजतो.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे, असा आदेश २००६ च्या प्रकाश सिंह खटल्यात झाला. महाराष्ट्राने २०१४ साली तशी कायद्यात दुरुस्ती केली. आमच्या किती मोहल्ल्यांत हे ठाऊक आहे? दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवून घेणे ठाण्यावर बंधनकारक आहे आणि तिची प्रत फुकट मिळते, हे आमच्या किती बायाबापड्यांना कुणी सांगितले? कव्वालीच्या कार्यक्रमाला वर्गणी जमते, एका वकिलाला महिन्यातून एकदा मोहल्ल्यात बसवायला जमत नाही.

पुढच्या बैठकीलाही आम्ही जाणार आहोत. चहाही घेऊ, त्याच्याशी आमचे वैर नाही. फक्त या वेळी बंदोबस्ताचा आराखडा काय, गेल्या वर्षीच्या तक्रारींचे काय झाले, हे लेखी विचारू आणि उठण्यापूर्वी बैठकीच्या इतिवृत्ताची सहीशिक्क्याची प्रत मागून घेऊ.