गळ्याचा गंधार खरा

मोबाइलवर तपासून जुळवलेली पेटी चुकत नाही, गाणाऱ्यांचाच गंधार उतरतो, हे गेल्या अंकातील मत मला मुळीच मान्य नाही.

पेटीत सप्तकाचे बारा समान भाग असतात. पंचम जवळजवळ बरोबर येतो. पण षड्जाशी ५:४ नाते असलेला शुद्ध गंधार ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे स्वरांतराचे सूक्ष्म माप) असतो, पेटीचा ४०० वर. म्हणजे पेटीच १४ सेंट चढी! तंबोऱ्याची जवारी नीट लावून खर्जाची तार छेडा. नाद विरता विरता तोच गंधार आपोआप उमटतो. आता पेटीची पट्टी दाबा. दोन्ही गंधार एकमेकांना घासतात.

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, ते याच सूक्ष्म अंतरांसाठी. आमच्या रिद्धपुरात महानुभाव कवयित्री महदाइसेने तेराव्या शतकात धवळे, म्हणजे लग्नगीते, रचले, तेव्हा पेटी नव्हती. गळा आणि कान होते.

पेटी जरूर वाजवा. पण मुलांना आधी तंबोरा ऐकवा, आणि पेटीच्या मापाने त्यांच्या गळ्याला बेसूर ठरवू नका.

— एक वाचक, रिद्धपूर (जि. अमरावती)