नाकावाटें मेंदूंत

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत २६ मे २०१६ रोजीं व पुन्हां २३ मे २०२४ रोजीं झालेले भयंकर स्फोट सर्वांस ठाऊक आहेत. कारण स्फोट ऐकूं येतो. द्रावकांची वाफ आवाज करीत नाहीं. रंगाच्या थिनरमधील टोल्युइन किंवा तत्सम द्रव्यें हवेंत उडून फुप्फुसांत शिरतात. पोटांत गेलेल्या विषास आधीं यकृताची चौकी लागते. हीं मात्र रक्ताबरोबर थेट मस्तकांत पोंचतात. स्निग्ध पदार्थांत मिसळणें हा द्रावकाचा धर्म, आणि मेंदूचा पुष्कळ भाग स्निग्धच!

आरंभीं डोकें जड होतें, भोंवळ येते. मोकळ्या हवेंत तें निवळतें, म्हणून कोणी मनावर घेत नाहीं. वर्षानुवर्षें हाच श्वास चालला म्हणजे स्मृति मंदावते, चित्त ठरत नाहीं, स्वभाव चिडखोर होतो. वासावर विसंबावें, तर नाक लौकरच सरावतें. तोंडास रुमाल बांधून तर वाफ मुळींच अडत नाहीं. त्यास कोळशाच्या गाळणीचा मुखवटाच हवा.

कल्याणनजीक शहाड येथें लाकडाच्या लगद्यापासून कृत्रिम रेशीम काढतात. त्या कृतींत कार्बन डायसल्फाइड लागतें. पॅरिसच्या देल्पेश नामक वैद्यानें रबरकाम करणाऱ्या मजुरांतील विस्मरण व उन्माद यांचें मूळ ह्याच वाफेंत असल्याचें १८५६ सालीं दाखविलें. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टांत ही विषबाधा घातली गेली, व रोगी आढळल्यास डॉक्टरानें कारखाना-निरीक्षकास कळवावें असें ठरलें. परंतु रोग्याचा धंदा विचारल्यावांचून डॉक्टर कळविणार काय?

माझा एक जुना विद्यार्थी, रूपावली घडाघड म्हणणारा, ठाण्याच्या एका कारखान्यांत बारा वर्षें पत्र्याच्या कपाटांवर रंग फवारीत आहे. गेल्या महिन्यांत त्याची पत्नी आली. “गुरुजी, हे भाजीला म्हणून जातात नि रिकाम्या हातानें परततात. कांहीं बोललें कीं अंगावर येतात.” सासूबाईंनीं ग्रहदशा ठरविली होती, थोरल्या दिरांनीं आळस. डॉक्टरांनीं झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. कामाची चौकशी कोणींच केली नव्हती. दोष कशाचा तें वैद्यकानेंच ठरवावें. मीं तिला एवढेंच टिपून दिलें: द्रव्य कोणतें, रोज किती तास, खोलीला खिडकी किंवा पंखा आहे काय, सुटीच्या दिवशीं बरें वाटतें काय. तो कागद घेऊन ती त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेणार आहे.