१२ वर्षं कब्जा केला, की जमीन आपली होते का?

शेजाऱ्याने बांध कोरून चार फूट जमीन घेतली. आता तो म्हणतो, 'बारा वर्षं झाली, जमीन माझी.' खरंच असं होतं?

होऊ शकतं. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार खासगी मालकाला कब्जा परत मागायला १२ वर्षं मिळतात, सरकारला ३०. मात्र शेजाऱ्याचा कब्जा उघड, सलग आणि तुमचा हक्क नाकारणारा हवा. परवानगीने राहणारा नातेवाईक किंवा भाडेकरू नुसत्या राहण्याने मालक होत नाही.

असा कब्जेदार मालकीसाठी स्वतः दावाही लावू शकतो, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं. २०२३ मध्ये विधी आयोगानेही कायदा बदलायची गरज नाही, असं म्हटलं.

वाटेचा नियम वेगळा. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार २० वर्षं हक्काने, उघड आणि अखंड वापर असेल तर जाण्या-येण्याचा हक्क मिळतो. जमीन मालकाचीच राहते.

म्हणून बांध सरकल्याचा संशय आला, तर लगेच मोजणी करून घ्या. नुसत्या नोटिशीने मुदत थांबत नाही, दिवाणी दावा लावावा लागतो. आणि शेजाऱ्याला वाट दिली असेल, तर परवानगी लेखी ठेवा. संबंध चांगले असतानाच.