ठाण्याला कशाला?

लग्नाला बत्तीस वर्षं झालेल्या नवराबायकोनं ‘आम्ही दोघंच दोन दिवस बाहेर जातोय’ असं जाहीर केलं, की ऐकणारा ‘कुठे?’ असं विचारत नाही, ‘का?’ असं विचारतो. वर चेहऱ्यावर काळजी असते. एवढ्या वर्षांनी दोघांनाच जायचंय म्हणजे एक तर मोठ्या डॉक्टरकडे, नाही तर वकिलाकडे, असा त्याचा सरळ हिशेब असतो.

ह्या सगळ्याचं मूळ म्हणजे हिचा भाचा. तो मँचेस्टरला असतो. तिथे असतो म्हणजे सोमवार ते शुक्रवार असतो. शुक्रवारी संध्याकाळी तो आणि त्याची बायको पाठीवर एकेक पिशवी टाकून आगगाडीत बसतात आणि कुठल्या तरी गावाला जातात. एकदा यॉर्क, एकदा चेस्टर, मध्ये एकदा बाथ. दर सोमवारी फोटो येतात. यॉर्कला म्हणे गावाभोवतीच्या तटावरून दोघं हातात हात घालून फिरली. बाथला रोमन लोकांनी बांधलेली गरम पाण्याची कुंडं बघितली. (आपल्याकडे वज्रेश्वरीला आहेत, पण तिथे भाच्याला नेलं होतं तेव्हा तो ‘वास येतो’ म्हणून रिक्षातून उतरला नव्हता.) गाव निवडायची त्याची रीतही ठरलेली. शक्यतो गाडी बदलावी लागू नये, स्टेशनातून बाहेर पडलं की चालत गावात शिरता यावं, आणि जुनं काहीतरी बघून झालं की चहा प्यायला बसायला जागा असावी. एवढंच. गाव थंड हवेचं असावं अशी अट नाही. ती त्यांना घरीच मिळते.

फोटो बघून ही म्हणाली, “अहो, आपणही जाऊ या.”

मी म्हटलं, “बाथला?”

“तुम्ही अंघोळीला जा. मी गावाला जायचं म्हणतेय.”

झालं. आमच्या सोसायटीत ही बातमी पाण्याच्या टँकरपेक्षा लवकर पोचली आणि जो तो सल्ला द्यायला लागला. सल्ला एकच होता : लोणावळा. कुणी खंडाळा म्हटलं, कुणी माथेरान, पैसेवाल्यांनी महाबळेश्वर. डोंबिवलीकराला जोडप्यानं जायचं ठिकाण विचारा, तो मान वर करून डोंगराकडेच बोट दाखवणार.

मला ह्या डोंगरांवर एकदा मनापासून बोलायचंच होतं. ही ठिकाणं निवडली कुणी? इंग्रजांनी. माथेरान १८५० साली ज्यांनी शोधून काढलं ते ह्यू मॅलेट आमच्याच ठाण्याचे कलेक्टर. साहेबाला मे महिन्यात ठाण्यात उकडलं आणि तो डोंगरावर चढला. त्यात त्याची काही चूक नाही, मलाही उकडतं. पण साहेब वर गेला तो गार वाऱ्यासाठी आणि, खरं बोलायचं तर, खालच्या माणसांपासून चार दिवस सुटका म्हणून. आता दर शनिवारी खालची सगळीच्या सगळी माणसं वर जातात. ज्यांच्यापासून सुटका हवी ते पहाटे सहालाच निघून घाटात आपल्या पुढे उभे असतात. एक्स्प्रेस वेवर बोरघाटात तीन तास एका ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ वाचत बसणं, ह्याला आपण सहल म्हणतो.

वर पोचल्यावर काय, तर पॉइंट. साहेबानं प्रत्येक कड्याला आपल्या बायकामुलांचं नाहीतर वरिष्ठांचं नाव देऊन ठेवलंय. लुइझा पॉइंट, अलेक्झांडर पॉइंट, शार्लट लेक. महाबळेश्वरला तर आर्थर्स सीट. त्याच नावाची एक टेकडी एडिंबरा शहरात आहे. भाचा तिथे जाऊन आला. ती गावातच आहे, लोक संध्याकाळी पाय मोकळे करायला चढतात. आपण मात्र कुणा आर्थर मॅलेटच्या बैठकीवर अर्धा दिवस टॅक्सी करून जायचं, धुकं बघायचं आणि मका खायचा. नवराबायकोनं शेजारीशेजारी उभं राहून एकाच दरीकडे बघायचं आणि “छान आहे नाही?” “छान आहे” एवढं बोलायचं. दरीवर यापेक्षा जास्त बोलता येत नाही. पुढच्या पॉइंटला पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी चिक्की.

आमचा मधुचंद्र माथेरानलाच झाला. नेरळहून १९०७ सालची ती छोटी गाडी, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, ती गोडच आहे. पण तीन दिवसांत आम्ही अकरा पॉइंट बघितले आणि एकमेकांबद्दल नवीन काही कळलं नाही. हिला चहात आलं चालत नाही हे मला डोंबिवलीला परत आल्यावर आईकडून कळलं.

तेव्हा डोंगर नको यावर आमचं एकमत झालं. आमच्यात एकमत ही घटनाच असल्यामुळे मी खुशीत येऊन विचारलं, “मग कुठलं गाव? वाई? नाशिक?”

ही म्हणाली, “ठाणं.”

आणि इथे मी जो प्रश्न विचारला त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, “ठाण्यात काय आहे बघायला?”

डोंबिवली ते ठाणे चौदा-पंधरा किलोमीटर. माझी नोकरी मुंबईत झाली. रोज दोनदा याप्रमाणे सदतीस वर्षं मी ठाण्यावरून गेलो. ठाणं म्हणजे माझ्या लेखी दारापासून आत सरकायची खूण. ह्या डब्यात चढलेल्या लाखो माणसांसाठी ठाणं, कल्याण, अंबरनाथ ही गावं नाहीतच. त्या वेळा आहेत. अंबरनाथला शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० मधलं शिलाहारांचं शिवमंदिर आहे. आमच्या मजल्यावरच्या चार बिऱ्हाडांपैकी ते कुणीही बघितलेलं नाही आणि चारही बिऱ्हाडं खजुराहोला जाऊन आलेली आहेत.

हिनं मला उत्तर दिलं नाही. ही चरईत वाढली. तिचं घर पाडून तिथे टॉवर झाला, आईवडील गेले, भाऊ बदलापूरला राहायला गेला. लग्नानंतर ही ठाण्याला गेली ती कायम कुणाची तरी मुलगी नाहीतर बहीण म्हणून. हातात डबा, डोळा घड्याळावर, साडेसहाची गाडी गर्दीची म्हणून पाचलाच निघायचं. घरी एका बेडरूमच्या जागेत आई, दोन मुलं आणि आम्ही. आता ती सबबही उरली नव्हती. “मला एकदा रात्री नऊ वाजता मासुंदाच्या काठावर बसायचंय,” ती म्हणाली, “आणि कुणी वाट बघत नसावं.”

मग मी ग्रंथालयातून पुस्तकं आणली आणि चार दिवस ठाण्याचा अभ्यास केला, बाथवाल्यांनी तोंडात बोट घालावं असा. एकेकाळी हे शिलाहारांचं श्रीस्थानक, राजधानी. मार्को पोलोच्या वर्णनात ह्याचं राज्य म्हणून नाव आहे. पोर्तुगिजांनी सुरू केलेला किल्ला आहे. तो १७३७ साली मराठ्यांनी घेतला, नंतर इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला आणि त्या तुरुंगातून १८१६ साली त्रिंबकजी डेंगळे पळाले. (किल्ल्यात आजही तुरुंगच आहे, त्यामुळे आतून बघायचा तर वेगळी खटपट करावी लागते.) मासुंद्याच्या एका अंगाला कौपिनेश्वर, दुसरीकडे पोर्तुगीज काळापासूनचं सेंट जॉनचं चर्च, काठावर गडकरी रंगायतन. १८९३ साली निघालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय. आणि सगळं स्टेशनातून चालत! भाच्याच्या तिन्ही अटी पुऱ्या. चहाचं तर बोलायलाच नको.

आणखी एक गोष्ट सांगतो. बोरीबंदरहून पहिली आगगाडी निघाली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, दुपारी तीन पस्तीसला. चौदा डबे, चारशेच्या आसपास माणसं. कुठे गेली? ठाण्याला. आणि तो वार शनिवार होता! म्हणजे ह्या देशातली आगगाडीची पहिली शनिवारची सहल ठाण्यालाच गेली, आणि चारशेपैकी एकानंही ‘ठाण्याला कशाला?’ असं विचारल्याची नोंद मला सापडली नाही. रविवारचंही तसंच. गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळवून दिली ती नारायण मेघाजी लोखंड्यांनी, आणि त्यांचा जन्म ठाण्याचा.

शनिवार ठाण्याचा, रविवार ठाण्याचा. खोली मात्र मिळेना.

शनिवारी दुपारी आम्ही स्टेशनजवळच्या एका हॉटेलात गेलो. बरं दिसत होतं. काउंटरवर बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, टाय लावलेला. त्यानं आधार कार्डं घेतली, बघितली आणि परत आमच्यापुढे सरकवली.

“सॉरी अंकल. लोकल आयडी चालत नाही.”

“म्हणजे?”

“तुम्ही डोंबिवलीचे. ठाणे जिल्हा. लोकल कपलला रूम देत नाही. पॉलिसी आहे.”

ही म्हणाली, “अहो, आम्ही नवराबायको आहोत.”

“तो प्रॉब्लेम नाही आन्टी. लोकलचा प्रॉब्लेम आहे.”

मी एकोणसाठ वर्षांचा. माझ्या पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या, हिच्या पिशवीत गुडघ्याचा पट्टा. मागे सोफ्यावर इंदूरचं एक जोडपं बसलं होतं ते आमच्याकडे असं बघायला लागलं, की आम्ही आत्ताच घरातून पळून आलोय. मला तर काही क्षण आपण खरंच आलोय की काय असं वाटलं.

आता ह्या पॉलिसीचा जरा विचार करा. ज्याचं घर जवळ आहे त्याला बाहेर खोली लागतेच कशाला, आणि लागत असेल तर त्याच्या मनात काळंबेरं असणार, हा त्यामागचा तर्क. तर्क काढणाऱ्यानं डोंबिवलीतलं घर बघितलेलं नाही. जिथे दोन माणसांना एक वाक्य पुरं बोलायचं तर आधी टीव्ही, मग कुकर, मग आई, मग वरच्यांचा पंप थांबावा लागतो, तिथल्या माणसाला खोली लागते ती घर जवळ असल्यामुळेच लागते. लांबच्याला निदान प्रवासात तरी बोलता येतं. बरं, असा काही कायदा नाही. सज्ञान माणसानं ओळखपत्र दाखवावं, एवढं पुरे आहे. पण आपल्याकडे जे कायद्यात नसतं ते पॉलिसीत असतं, आणि पॉलिसी कुणी केली ते काउंटरवरच्या मुलाला कधीच माहीत नसतं. आम्ही तर निगरगट्ट म्हातारे, तणतणत बाहेर पडलो. पंचवीस वर्षांचं, नुकतं लग्न झालेलं, घरात सात माणसं असलेलं एखादं जोडपं इथून मान खाली घालून परत गेलं असेल, त्याचं काय? ते मग लोणावळ्यालाच जाणार. दरी बघणार. छान आहे नाही? छान आहे.

दुसऱ्या हॉटेलातही नकार. तिसऱ्या ठिकाणी, एका गल्लीतल्या जुन्या लॉजवर, गल्ल्यावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी कार्डं बघितली, आम्हाला बघितलं, आणि काही न विचारता जाडजूड रजिस्टर पुढे केलं. मी लिहायला घेतलं. कुठून आलात : डोंबिवली. कुठे जाणार : डोंबिवली. येण्याचं कारण... इथे माझं पेन अडलं. ‘खाजगी’ लिहावं तर संशय, ‘सहल’ लिहावं तर वेड. हिनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं : ‘ठाणे’.

त्या रात्री आम्ही मासुंद्याच्या काठावर साडेअकरापर्यंत बसलो. काय बोललो ते सांगत नाही, ते पॉइंटवर बोलण्यासारखं नव्हतं. एवढंच सांगतो, की हिला गाणं शिकायचं होतं आणि समोर दिसणाऱ्या त्या गल्लीतल्या बाईंकडे ती चार महिने गेलीही होती, हे मला बत्तीस वर्षांत माहीत नव्हतं. सकाळी मामलेदारची मिसळ खाल्ली. हिनं मिडियम मागवली, मी पुरुषार्थ म्हणून तिखट, आणि कौपिनेश्वराच्या दर्शनाला मी डोळे पुसतच गेलो. बाहेरच्या हारवालीला माझी भक्ती फार आवडली.

रविवारी संध्याकाळी जिन्यातच शेजारच्या वहिनी भेटल्या. “कुठे गेला होतात?”

“ठाण्याला.”

वहिनींचा चेहरा एकदम उतरला. “अगं बाई! कोण गेलं?”

आता पुढचं गाव ठरलंय : कल्याण. खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला, १८६४ सालचं सार्वजनिक वाचनालय, आणि ज्या गावात आनंदीबाई जोशी जन्मल्या ते गाव एकदा पायी फिरायचं. अडचण एकच आहे. ठाण्याशी आमचा निदान जिल्ह्याचाच संबंध होता. कल्याण आणि डोंबिवलीची १९८३ सालापासून महापालिकाच एक. म्हणून या वेळी मी आधीच फोन करायला बसलो. दोघांनी ‘लोकल’ म्हणताच फोन ठेवला. तिसऱ्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि अगदी आपुलकीनं विचारलं, “सर, घरी काही भांडण झालंय का?”

मी रिसिव्हरवर हात ठेवावा तसा मोबाइलवर हात ठेवला आणि हिच्याकडे बघितलं.

“झालंय म्हणून सांगा,” ही म्हणाली, “पण खोली दोघांना पाहिजे.”